उभा छेद, आडवी शिवण

मास्तरांनी चार महिने घरच्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली, आणि तीही सुईदोऱ्याने. दुसऱ्या कुणाला हे जमलंच नसतं. माणूस वाळायला लागला की आधी त्याचे कपडे बोंब मारतात. पॅन्ट पट्ट्याखाली चुण्या पाडून गोळा होते, शर्टाचे खांदे ओघळतात, कॉलरमध्ये दोन बोटं जातात. पण माणूस स्वतःच शिंपी असेल तर? दर दहा-बारा दिवसांनी, दुपारी बायको जेवायला घरी गेली की मास्तर दुकानाचं दार लोटून घ्यायचे, पॅन्ट उसवायचे, कंबर अर्धा इंच आत घ्यायचे, इस्त्री फिरवायचे, आणि ती परत यायच्या आत काउंटरमागे हजर. कपडे कसे अंगाला चोपून बसलेले! गाल बसले ते झाकायला दाढी वाढवली होती. बघणाऱ्याला वाटावं, या वयात काय टापटीप राहतो माणूस.

आणि बघणारी तरी कोण साधीसुधी? बायकोही शिंपीणच. एकाच दुकानात समोरासमोर दोन मशिनं. मास्तर पुरुषांचे कपडे शिवायचे, ती बायकांचे. तिची नजर अशी, की रस्त्याने जाणाऱ्या बाईची पाठीची शिवण पाव इंच तिरकी असली तरी हिला आतून दिसायची आणि दिवसभर डाचायची. पण नाकासमोरचा नवरा पाच इंच कमी झाला, ते काही तिला दिसलं नाही. नंतर ती हे स्वतःच सगळ्यांना सांगायची आणि प्रत्येक वेळी कपाळावर हात मारायची.

मास्तरांना क्रोन्सचा आजार. पंचविशीपासून मागे लागलेला. यात आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, आणि जखमा भरता भरता आतडं जाड होऊन आखडतं, अन्नाची वाट अरुंद होते. दोनदा पोट उघडून झालं होतं. दोन्ही वेळा डॉक्टरांनी खराब भाग कापून टाकला आणि टोकाला टोक जोडलं. दोन्ही वेळा काही वर्षं बरी गेली. आता पुन्हा जेवलं की तासाभरात पोट दगडासारखं व्हायचं आणि कळा अशा यायच्या की मास्तर कापायच्या टेबलाची कड धरून उभे राहायचे. पोटाच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सरळ सांगितलं होतं, "या जागा आता औषधाने उघडायच्या नाहीत. सर्जनना भेटा." मास्तरांनी तो रिपोर्ट मशिनच्या खणात रिळांखाली सरकवला आणि घरी सांगितलं, औषध बदललंय. मग ते चहावर आणि सूपवर दिवस काढू लागले.

त्यांचा हिशेब शिंप्याचा होता. कापलेलं कापड परत येत नाही. दोनदा कापून झालं. तिसऱ्यांदा कापलं तर उरणार काय? त्यापेक्षा आहे ते चालेल तितकं चालेल. असं त्यांनी एकट्याने ठरवून टाकलं होतं. काय म्हणावं या माणसाला! गिऱ्हाइकाच्या खिशाला चेन लावायची की बटण, हे तीनदा विचारणारा माणूस, आणि एवढी गोष्ट कुणालाच न विचारता ठरवून मोकळा.

पितळ उघडं पडलं ते चिंध्यांच्या पोत्यात. गादीवाला चिंध्या न्यायला आला होता आणि बायको नेहमीप्रमाणे पोतं एकदा उपसून बघत होती, कामाचा तुकडा चुकून जाऊ नये म्हणून. तळातून राखाडी कापडाच्या पट्ट्या निघाल्या. दीड-दोन बोटं रुंद, हातभर लांब, एका कडेला जुन्या टाक्यांची भोकं. हे कापड तिने स्वतः पसंत केलं होतं, नवऱ्याच्या पॅन्टसाठी.

आता यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण शिंप्याला नाही वाटणार. कपडा शिवताना शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्तीचं सोडतात. त्याला धंद्यात माया म्हणतात. का सोडतात? तर माणूस पुढे अंगाने भरेल, तेव्हा उसवून सैल करता यावं म्हणून. कंबर आत घेतली तरी हे कापड कुणी कापत नाही. आतल्या आत दुमडून ठेवतात. ते कापून टाकणारा शिंपी एकच, ज्याला पक्कं ठाऊक आहे की हा कपडा पुन्हा कधी सैल करावा लागणार नाही. बायको पट्ट्या हातात घेऊन मास्तरांच्या मशिनसमोर जाऊन उभी राहिली.

"अहो, हे काय आहे?"

"चिंध्या," मास्तर मान वर न करता म्हणाले.

"चिंध्या मलाही कळतात. तुमच्या पॅन्टची माया कापलीत तुम्ही?"

"बोचत होती."

"थापा मारा, पण माझ्यासमोर? मी काय काल सुई धरली हातात?" तिने गळ्यातली टेप काढली. "हात वर करा."

"अगं, गिऱ्हाईक येईल."

"येऊ दे. हात वर!"

मास्तरांनी हात वर केले. टेप कमरेभोवती फिरली. अठ्ठावीस. तिने पुन्हा मापलं. अठ्ठावीसच. लग्नापासून हा माणूस तेहतिसाचा. ती मटकन स्टुलावर बसली आणि मग तिला रडूही आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

"पाच इंच! माझा नवरा पाच इंच नाहीसा झाला आणि मला पत्ता नाही! परक्या बायकांचे खांदे मोजत बसले मी!"

"परत कापून घ्यायचं नाही मला," मास्तर हळूच म्हणाले. "भीती वाटते गं. दर वेळी थोडा थोडा कमी होतो मी."

हे ऐकल्यावर तिचा राग जागच्या जागी विरला. तिने गादीवाल्याला हात जोडून परत पाठवलं, पट्ट्यांची नीट घडी करून पर्समध्ये ठेवली आणि मुलीला फोन लावला. मुलगी कॉलेजातून तशीच आली. खणातला रिपोर्ट बाहेर निघाला. मुलगी बापापेक्षा तिखट. ती म्हणाली, "बाबा, माप घेतल्याशिवाय तुम्ही साधा पायजमा कापत नाही. आणि सर्जनना न भेटताच ऑपरेशन नको?" दुसऱ्या दिवशी तिघंही सर्जनकडे गेले.

सर्जनबाई ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या, बोलण्यात एकदम सरळ. मास्तरांनी आत गेल्या गेल्या काय पाहिलं असेल? बाईंच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीचं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. जीव टांगणीला लागलेला आणि नजर बटणावर! खोड ती खोड.

बाईंनी कागदावर एक लांब नळी काढली. "मास्तर, तुमचं लहान आतडं साधारण बारा फूट उरलंय. त्यात सहा जागा अरुंद झाल्यात, सात फुटांत विखुरलेल्या. हा सगळा भाग काढून टाकला तर पाच फूट उरेल. पाच फुटांत अन्न पुरेसं अंगी लागत नाही. मग शिरेतून पोषण द्यावं लागतं, कदाचित कायमचं. मी ते करणार नाही."

"म्हणजे काहीच करता येत नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी बायकोकडे असं बघितलं, की बघ, मी सांगत होतो ना.

"माझं बोलणं संपलेलं नाही. सहापैकी एक जागा, जुन्या जोडाजवळची, पू धरून बसलीय. ती काढावीच लागेल. वीतभर जाईल. बाकीच्या पाच मी काढणार नाही, जागच्या जागी रुंद करणार. उघडायचं आणि परत शिवायचं."

इथे मास्तरांमधला शिंपी उसळून उठला. "बाई, माफ करा, पण हा माझा धंदा आहे. आधीच अरुंद असलेली नळी. ती उघडून परत शिवली तर ती आणखी अरुंद होणार. कुठलीही शिवण कापड खाते!"

बायकोने कोपर मारलं. बाई मात्र खूश झाल्या. "बरोबर. जिथे छेद तिथेच शिवण घातली तर खाईल. मी छेद उभा घेणार, नळीच्या लांबीत. आणि शिवण घालणार आडवी."

मास्तरांचा उजवा हात मांडीवर आपोआप हलायला लागला. आधी उभी रेघ, मग आडवी. पुन्हा उभी, पुन्हा आडवी. बाई पुढे बोलत होत्या ते सगळं बायको आणि मुलगी ऐकत होत्या: आजार मुळापासून जाणार नाही, औषधं चालूच राहतील, पुढे आणखी कुठे अरुंद होऊ शकतं, टाका सुटला तर पोट पुन्हा उघडावं लागेल, आणि आत गेल्यावर गरज वाटली तर आतड्याचं तोंड पोटावर काढून काही महिने पिशवी लावावी लागेल. "तिला घाबरू नका. काहींना ती कायमची असते, आणि ती लावून लोक पोहतात, नोकऱ्या करतात, भांडतात. पण तुम्हाला लागेलच असं नाही." मास्तर मान हलवत होते, पण बोट मांडीवरच फिरत होतं.

दुकानात आल्यावर मास्तर सरळ आपल्या मशिनवर जाऊन बसले. बायकोने पर्समधून राखाडी पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. "घ्या, करून बघा. नाहीतर तुमचा विश्वास बसायचा नाही."

मास्तरांनी दोन पट्ट्या जोडून नळी शिवली आणि मधोमध एक जागा मुद्दाम आवळून घेतली. वरून अंगुस्ताना टाकला, बोटात घालायची पितळेची टोपी. ती आवळलेल्या जागी अडकली. नळी हलवली, झटकली. नाही म्हणजे नाही. मग त्यांनी आवळलेल्या जागेवर कात्रीने उभा छेद घेतला, छेदाच्या दोन्ही कडा चिमटीत धरून बाजूंना ओढल्या. वरचं टोक खाली आलं, खालचं वर आलं, आणि उभी फट आडवी झाली. हातानेच बारीक टाके घालून ती आडवी शिवली. वरून पुन्हा अंगुस्ताना टाकला. तो सरळ खाली आला आणि टेबलावर टण्णकन वाजला.

मास्तरांनी तो उचलला आणि पुन्हा टाकला. टण्ण. पुन्हा. टण्ण. मुलीने मोजलं, अकरा वेळा टाकला.

"कापड एवढंसुद्धा गेलं नाही," मास्तर म्हणाले. "लांबी चिमूटभर कमी झाली, पण वाट मोकळी. पंचवीस वर्षं कात्री चालवतोय मी आणि हे मला सुचू नये?"

"तुम्ही कापड फेकून देण्यात गुंतला होतात," बायको म्हणाली. ती सोडते होय!

मग मास्तरांनी कंबर कसली. बाई म्हणाल्या, आधी पू काढू, मग अंगात ताकद आणू, घाई नाही. सुईने पू काढला, औषधं झाली. सहा आठवडे डब्यातली पोषणाची पावडर पाण्यात कालवून प्यायची, दिवसातून आठ वेळा. चव म्हणाल तर भिंतीला लावायच्या चुन्याची. मास्तर नाक दाबून प्यायचे आणि बायको भिंतीवरच्या कागदावर खडूने रेघ मारायची. दुपारी चहाबरोबर एक सिगारेट ओढायची सवय होती, तीही त्यांनी पहिल्याच दिवशी सोडली, कारण बाईंनी सांगितलं होतं की या आजारात तिच्याइतकं वैरी कुणी नाही. आणि एक काम त्यांनी कुणी न सांगता केलं. मऊ सुती कापडाचा एक रुंद पट्टा शिवला, आत पिशवी नीट बसेल असा कप्पा, वरून दिसणारही नाही असा. "लागली तर माझ्याच मापाची हवी," ते म्हणाले. बायकोने पट्टा उलटसुलट करून बघितला, आणि पहिल्यांदाच त्यांच्या कामात तिला खोट सापडली नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आठला त्यांना आत नेलं. बायको बाहेर एका झग्याची खालची पट्टी हाताने शिवत बसली. शिवायची, उसवायची, पुन्हा शिवायची. मुलगी तिला दोरा ओवून द्यायची. बारा वाजले, एक वाजला. दोन वाजून गेल्यावर दार उघडलं आणि सर्जनबाई बाहेर आल्या, टोपी हातात, कपाळावर चष्म्याचा वळ. बायको ताडकन उठली.

"वीतभर काढलं. पाच जागा रुंद केल्या. पिशवी लागली नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांना काहीतरी आठवलं. "त्यांना शुद्धीवर आल्यावर मापातच सांगा. सव्वाअकरा फूट शाबूत."

बायकोचा जीव भांड्यात पडला. तिने बाईंचे दोन्ही हात धरले आणि सोडेचना. झगा जमिनीवर पडला होता आणि सुई कुठे गेली ते नंतर मुलीनेच शोधून काढलं.

पण खरी परीक्षा पुढेच होती. टाके धरतात की सुटतात, हे पहिल्या काही दिवसांत कळतं. रोज सकाळी सर्जनबाई यायच्या, पोटाला हात लावायच्या आणि आतडं कामाला लागलं की नाही ते कळायला एकच प्रश्न विचारायच्या, "वारा सरला का?" मास्तर लाजून मान हलवायचे. नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. शेजारच्या खाटेवर एक बसचालक होता, त्याचंही पोटाचंच ऑपरेशन झालेलं. तोही आता विचारायला लागला. मग वॉर्डातल्या नर्सबाई. मग चहावाला. एका माणसाच्या वाऱ्याची एवढी वाट कुणी कधी पाहिली नसेल!

चौथ्या दिवशी सकाळी, बायको दाढी करून देत असताना, मास्तरांनी एकदम तिचा हात धरला. वस्तरा गालावर. आणि मग तो आवाज झाला. लहान नाही, चांगला दणदणीत.

"सरला!" बसचालक खाटेवरून ओरडला. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. बायको साबणाचा हात तोंडाला लावून हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. इतक्या वर्षांच्या संसारात मास्तरांचं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं, आणि झालं ते कशासाठी, तर यासाठी! पोट हललं तर टाक्यांत ओढ बसायची, तरी मास्तरही उशी पोटाशी धरून हसत होते.

त्यानंतर पाणी, मग सूप, मग दोन घास मऊ भात. भात खाऊन झाल्यावर मास्तर घड्याळाकडे बघत बसले. त्यांना कळांची वेळ पाठ होती. तास झाला. सव्वा तास. दीड. पोट मऊच. त्यांनी बायकोचा हात ओढून पोटाच्या कडेला ठेवला. "बघ गं. गेलं खाली. आपोआप गेलं." बायकोने हात काढला नाही.

घरी जायच्या दिवशी त्यांनी दोन कामं केली. सर्जनबाईंचा कोट मागून घेतला आणि बाहीचं बटण असं पक्कं लावलं की कोट फाटेल पण बटण निघायचं नाही. "तुमची शिवण बघितली," ते म्हणाले, "आता माझी बघा." आणि शिवलेला पट्टा त्यांनी बसचालकाला दिला. त्याला पिशवी लागली होती, आणि बोलायला मोकळा असला तरी ती दिसू नये म्हणून तो खाटेवरून उठायचाच नाही, चादर ओढून भिंतीला पाठ लावून पडायचा. मास्तरांनी पट्टा त्याच्या अंगावर बसवला, दोन ठिकाणी टाचण्या लावून तिथल्या तिथे बेतला. बसचालक उठला, शर्ट घातला, आरशात पुढून बघितलं, बाजूने बघितलं, आणि वॉर्डाच्या त्या टोकापर्यंत ताठ चालत जाऊन आला.

पाच महिने गेले. तपासणीला जायचा दिवस आला. सकाळी मास्तर दुकानाच्या मागच्या खोलीत तीच राखाडी पॅन्ट घालत होते, कारण चांगली पॅन्ट तीच. बायको बाहेर मशिनवर होती. आतून धडपडीचा आवाज आला, मग एक शिवी, मग शांतता.

"अगं ए! इकडे ये लवकर!"

हातातलं टाकून ती धावली. मास्तर भिंतीला टेकून उभे होते, श्वास रोखून, पोट आत ओढून, आणि पॅन्टचं बटण आणि काज यांच्यात चार बोटांचं अंतर. त्यांनी श्वास सोडला. अंतर वाढलं.

"होत नाही," मास्तर म्हणाले.

ती बघत राहिली. मग तिला असं हसू फुटलं की तिला दाराची चौकट धरावी लागली. "मग उसवा ना! सोडा की कंबर! की नाहीच काही आत सोडायला?"

"नाहीच. कापून टाकलं ना मी!" आणि मास्तर तसेच, एका हाताने पॅन्ट धरून, दुकानातून थेट गल्लीत. समोरचा घड्याळवाला भिंग डोळ्याला लावून बसला होता. "अहो, बघा! माझी पॅन्ट होत नाही मला! होतच नाही!" घड्याळवाल्याला वाटलं हा माणूस चळला. पण मग त्याला उमगलं आणि तो दुकानातून उतरून आला, आणि शेजारचा छापखानेवालाही, आणि भर सकाळी गल्लीत चार माणसं एका न लागणाऱ्या बटणाकडे बघून हसत उभी राहिली.

आत आल्यावर बायकोने कपाटातून नवं कापड काढलं. निळं, तिने कधीचं आणून ठेवलेलं, कुणाला न सांगता. "आज मी कापणार. हात वर करा." टेप कमरेभोवती फिरली. बत्तीस. तिने पुन्हा मापलं नाही. कापड टेबलावर पसरलं, खडू उचलला, रेघा आखल्या.

"शिवणीत किती सोडू? दोन बोटं?"

"चार सोड."

"चार? एवढी माया सोडतं का कुणी?"

"मी सोडतो," मास्तर म्हणाले. "अजून भरणार आहे मी."

तिने खडूची रेघ पुसली, चार बोटांवर नवी आखली आणि कात्री चालवली.